काकू, निळा दिवा लागला का? : लांबून रिस्टार्ट करण्याचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलतानाचे 'अं... म्हणजे...' बरेचसे गाळलेत, थोडे राहिले असतील तर चालवून घ्या. आजचा विषय अगदी घरगुती आहे. घरातला कॅमेरा बंद पडतो, आपण दुसऱ्या गावी असतो आणि तो तिथूनच बंद करून चालू करायचा असतो. यात कसला आलाय इतिहास, असं वाटेल. मलाही तसंच वाटलं होतं.

झालं असं. माझी आजी देवरुखजवळ एका वाडीत एकटी राहते, मी पुण्यात. दोन वर्षांपूर्वी ती न्हाणीघराच्या पायरीवर घसरली आणि जवळजवळ दोन तास तशीच पडून होती. हाड मोडलं नाही, पण आम्ही सगळे हादरलो. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं की माजघरात एक कॅमेरा लावायचा. सगळ्यांनी म्हणजे बाबा, आत्या आणि मी. या 'सगळ्यांनी'कडे शेवटी परत यायचंय, लक्षात ठेवा.

जुलैतली रात्र. अकरा चाळीसला झोपण्याआधी सवयीने ॲप उघडलं, तर कॅमेरा 'ऑफलाइन'. आजीला फोन लावला. रिंग जातेय, पण उचलत नाही. (ती फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावते आणि झोपते मधल्या खोलीत.) ॲपमध्ये 'रिस्टार्ट'चं बटण आहे. ते दाबलं. गोल गोल फिरलं, 'सूचना पाठवत आहोत' असं म्हणालं आणि गप्प बसलं. दहा-बारा वेळा तरी दाबलं असेल. हेल्पलाइन चोवीस तास चालू होती, हे मान्य करायला हवं. तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, कॅमेऱ्याचा प्लग काढून दहा सेकंदांनी परत लावा." म्हटलं, "अहो, मी पुण्यात आहे, कॅमेरा देवरुखला." तो म्हणाला, "हो मॅडम. प्लग काढून दहा सेकंदांनी..."

शेवटी पलीकडच्या घरातल्या काकूंना उठवलं. "काय गो, एवढ्या रात्री?" त्यांच्याकडे आमच्या घराची दुसरी किल्ली असते. भर पावसात, बॅटरी घेऊन, गडगा ओलांडून त्या गेल्या. आजी ढाराढूर झोपलेली. हे कळलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला, खरं तर फोन तिथेच ठेवायला हवा होता. पण आता इंजिनिअर जागी झाली होती. म्हटलं, "काकू, प्लग काढाल का जरा? ...काढलात? आता लावा. काय दिसतंय?"

"लाल लुकलुकतोय."

"थांबा जरा. आता?"

"अजून लालच. ...आता निळा झाला बघ."

इकडे ॲपवर माजघर दिसलं. अंधारात काकू, रेनकोट घातलेल्या, कॅमेऱ्याकडे बघताहेत. बारा वीस.

पडल्या पडल्या मला एकदम आठवलं, हे संभाषण मी आधी कुठेतरी वाचलंय. 'मिळालं का?' 'मिळालं.' 'आता?' हे इंटरनेटच्या अगदी पहिल्या रात्रीचं संभाषण आहे.

२९ ऑक्टोबर १९६९. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसच्या कॅम्पसमध्ये चार्ली क्लाइन नावाचा विद्यार्थी रात्री साडेदहाच्या सुमाराला बसलाय. सुमारे साडेपाचशे किलोमीटरवर, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये बिल डुव्हल. इकडच्या कॉम्प्युटरवरून तिकडच्या कॉम्प्युटरवर शिरायचं, म्हणजे 'लॉगिन' हा शब्द पाठवायचा, एवढंच काम. ते करताना दोघांच्या कानाला चक्क टेलिफोन लावलेला होता. क्लाइनने 'एल' टाइप केलं आणि विचारलं, आला का? आला. 'ओ'? आला. 'जी' टाइप केलं आणि पलीकडचा कॉम्प्युटर कोसळला. म्हणून इंटरनेटवरचा पहिला संदेश 'लो' एवढाच आहे. गंमत म्हणून ही गोष्ट सगळे सांगतात. मला त्यातला टेलिफोन महत्त्वाचा वाटतो. नवीन जाळं चालतंय की नाही हे कळायला जुनं जाळं लागलं आणि जुन्या जाळ्याच्या दुसऱ्या टोकाला एक जागा माणूस लागला. डुव्हलने त्याच्या बाजूची चूक दुरुस्त केली आणि तासाभरात लॉगिन पूर्ण झालं.

पण दर वेळी पलीकडे डुव्हल बसलेला नसणार. हे ज्यांना सगळ्यात आधी नीट कळलं ते लोक अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला होते. बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन ही कंपनी. या जाळ्याच्या प्रत्येक ठिकाणी फ्रिजएवढं एक यंत्र बसवायचं होतं. त्याचं नाव 'इम्प'. आजच्या भाषेत त्या काळचा राऊटर. आपल्याकडे छताखाली खिळ्याला लटकतो त्याचा पणजोबा. त्यांचा प्रमुख होता फ्रँक हार्ट. त्याला एकच धास्ती होती : ही यंत्रं विद्यापीठांत जाणार, तिथे विद्यार्थी असणार आणि विद्यार्थी हात लावणार. म्हणून त्याने लष्करी वापराला चालेल अशा जाड पोलादी पेटीतलं यंत्र निवडलं आणि आपल्या टीमला बजावलं की हे कोणाच्याही मदतीशिवाय चाललं पाहिजे. वीज गेली आणि आली तर आपलं आपण सुरू झालं पाहिजे.

इथे एक शब्द सांगते, तो पुढे सारखा येणार आहे. वॉचडॉग. राखणीचा कुत्रा. यंत्रात एक वेगळं घड्याळ असतं, उलटे आकडे मोजणारं. प्रोग्रॅमने दर थोड्या वेळाने येऊन त्याला पुन्हा पहिल्या आकड्यावर न्यायचं. आम्ही इंजिनिअर याला कुत्र्याला खायला घालणं म्हणतो. प्रोग्रॅम कुठे अडकून बसला तर खायला घालायला येणार नाही, घड्याळ शून्यावर येणार आणि कुत्रा चावणार. चावणं म्हणजे रिस्टार्ट. कोणाचीही परवानगी न घेता.

इम्पमध्ये असा कुत्रा होता. आणि आणखी एक गोष्ट, जी वाचून मी खुर्चीत सरळ बसले. सुरुवातीला इम्पमधला प्रोग्रॅम बिघडला तर तो कागदी पट्टीवरून पुन्हा भरावा लागे. पुढे त्यांनी अशी सोय केली की बिघडलेला इम्प शेजारच्या इम्पकडे प्रोग्रॅमची ताजी प्रत मागायचा. शेजारी पाठवायचा आणि हा पुन्हा उभा राहायचा. विरजण संपलं की वाटी घेऊन शेजारी जातो ना आपण, तसं.

शिवाय प्रत्येक इम्प ठरावीक वेळाने केंब्रिजला आपली खुशाली कळवायचा, स्वतःची आणि त्याला जोडलेल्या टेलिफोन लाइनींची. खुशाली आली नाही की तिथल्या लोकांना कळायचं, काहीतरी बिनसलंय. याचा एक गमतीदार परिणाम झाला. ही मंडळी टेलिफोन कंपनीला फोन करून सांगायची की तुमची अमुक दोन गावांमधली लाइन खराब आहे. ती गावं देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. कंपनीच्या लोकांना पटायचंच नाही. तुम्ही बसलात केंब्रिजला, तुम्हाला तिथलं कसं कळणार?

हे सगळं पृथ्वीवर. अवकाशात तर काकूही नाहीत.

१९९४ साली चंद्राचा नकाशा काढायला क्लेमेंटाइन नावाचं अमेरिकन यान गेलं. काम उत्तम झालं. पुढे एका लघुग्रहाकडे जायचं होतं. ७ मे रोजी यानावरच्या एका कॉम्प्युटरमध्ये बिघाड झाला, एक थ्रस्टर चालू झाला आणि इंधन संपेपर्यंत चालूच राहिला. यान मिनिटाला ऐंशी फेऱ्या अशा गतीने गरगरत राहिलं. लघुग्रह हुकला. अडकलेल्या कॉम्प्युटरला वेळेत कोणी चावलं असतं तर, असं आमच्या क्षेत्रात ही गोष्ट सांगताना हमखास म्हटलं जातं.

बरोबर उलटी गोष्ट मार्स पाथफाइंडरची, आणि ती माझी लाडकी आहे, त्यामुळे थोडी लांबवते. ४ जुलै १९९७ ला हे यान मंगळावर उतरलं. अंतर साधारण १९ कोटी किलोमीटर. इथून काही सांगितलं तर तिथे पोचायला दहा मिनिटांहून जास्त. काही दिवसांत यान मधूनच आपोआप रिस्टार्ट व्हायला लागलं. रिस्टार्ट झालं की त्या दिवशीचं उरलेलं काम दुसऱ्या दिवसावर. वर्तमानपत्रांनी 'सॉफ्टवेअरमध्ये गडबड' एवढंच छापलं.

आतली गोष्ट अशी. समजा एका कचेरीत मोठ्या साहेबांना कपाट उघडायचंय. किल्ली शिपायाकडे. शिपाई किल्ली परत करायला निघालाय, पण वाटेत मधल्या दर्जाचे चार कारकून त्याला आपापल्या कामाला जुंपतात, कारण त्यांचा हुद्दा शिपायापेक्षा मोठा. नियमाने कोणाचंच चुकलेलं नाही, पण साहेब दारात ताटकळले. पाथफाइंडरमध्ये साहेब म्हणजे यानाची माहिती इकडून तिकडे पोचवणारं अत्यंत तातडीचं काम. शिपाई म्हणजे हवामानाच्या नोंदी घेणारं कमी महत्त्वाचं काम. आणि दुसरं एक काम दर फेरीला तपासत होतं की साहेबांचं काम वेळेत झालं का. सेकंदाला आठ फेऱ्या. झालं नाही असं दिसलं, की रिस्टार्ट.

म्हणजे रिस्टार्ट हा बिघाड नव्हताच. यान स्वतःला वाचवत होतं.

जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीच्या लोकांनी इथे एक जुळं यंत्र ठेवलं होतं. त्यावर त्यांनी तीच परिस्थिती पुन्हा उभी केली, अगदी तसाच रिस्टार्ट घडवला आणि नोंदी वाचून किल्ली कुठे अडकते ते शोधलं. उपाय सोपा होता : किल्ली हातात आहे तोवर शिपायाला साहेबांचा दर्जा द्यायचा, म्हणजे कारकून त्याला अडवू शकत नाहीत. ही सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून होती, फक्त बंद ठेवलेली होती. ती चालू करण्यापुरता बदल मंगळावर पाठवला आणि रिस्टार्ट थांबले. हे जमलं कारण तपासणीची साधनं त्यांनी यानातल्या सॉफ्टवेअरमध्येच राहू दिली होती, उड्डाणाआधी काढून टाकली नव्हती. आमच्या क्षेत्रात 'प्रॉडक्शनला जाताना लॉग काढून टाका' म्हणणारे मॅनेजर असतात, त्यांना मी ही गोष्ट ऐकवते. फरक पडत नाही.

आता परत घरी, कॅमेऱ्याकडे. घरासाठीचा कॅमेरा पहिल्यांदा कोणाला सुचला? न्यूयॉर्कमध्ये क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या नर्सला. तिच्या कामाच्या वेळा वेड्यावाकड्या, नवरा अल्बर्ट इलेक्ट्रॉनिक्सचा तंत्रज्ञ, त्याच्याही तशाच. वस्तीत गुन्हे वाढलेले आणि पोलीस लवकर येत नसत. १९६६ मध्ये दोघांनी पेटंटसाठी अर्ज केला, २ डिसेंबर १९६९ ला ते मिळालं. दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार भोकं, त्यांच्यामागे वरखाली सरकणारा कॅमेरा. आत खोलीत टीव्हीचा पडदा. बाहेरच्याशी बोलायला माइक, दार लांबून उघडायला एक बटण आणि मदत मागवायला एक बटण. आज दुकानात 'स्मार्ट डोअरबेल' म्हणून विकतात त्यात याहून फारसं वेगळं काही नाही. एक गोष्ट मी तेव्हा नुसती वाचून पुढे गेले होते : तिचा कॅमेरा बाहेर बघतो. बटणं आत, तिच्या हाताशी.

मग दुसरं केंब्रिज, इंग्लंडमधलं. १९९१. विद्यापीठाच्या कॉम्प्युटर लॅबोरेटरीत कॉफीचं एकच भांडं, लोक वेगवेगळ्या मजल्यांवर आणि जिने उतरून यावं तर भांडं रिकामं. क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेट्स्की यांनी भांड्यावर कॅमेरा रोखला. चित्र काळं-पांढरं, १२८ बाय १२८ ठिपक्यांचं, मिनिटाला तीनेकदा बदलणारं. नोव्हेंबर १९९३ मध्ये ते वेबवर आलं आणि जगभरचे लोक कॉफीचं भांडं बघायला लागले. २२ ऑगस्ट २००१ ला तो कॅमेरा बंद केला. शेवटच्या चित्रात बटण बंद करायला आलेली बोटं दिसतात.

इथवर कॅमेरे आपल्याच लॅबच्या, आपल्याच घराच्या तारेवर होते. माझं रिस्टार्टचं बटण त्या रात्री का चाललं नाही, याचं उत्तर त्यानंतरच्या काळात आहे. आपल्याकडे बहुतेक घरांच्या इंटरनेटला स्वतःचा असा बाहेरून दिसणारा पत्ता नसतो. कंपनी शेकडो घरांना मिळून एक पत्ता देते. मोठ्या सोसायटीचं गेट समजा. आतून बाहेर जाता येतं, पण बाहेरून कोणी 'कॅमेऱ्याकडे जायचंय' म्हणालं तर वॉचमन विचारणार, कुठला कॅमेरा, कुठला फ्लॅट? म्हणून कॅमेरा स्वतःच कंपनीच्या सर्व्हरला फोन लावतो आणि तो फोन चालू ठेवतो. माझं ॲपही त्याच सर्व्हरशी बोलतं. मी रिस्टार्ट दाबते तेव्हा निरोप त्या चालू फोनवरून जातो. फोनच तुटला असेल तर बटण म्हणजे नुसतं चित्र.

आणि त्या रात्री तो का तुटला? वीज गेली आणि आली. कॅमेरा अर्ध्या मिनिटात जागा झाला. फायबरचा डबा आणि राऊटर यांना तीन मिनिटं लागतात. कॅमेऱ्याने वायफाय शोधलं, सापडलं नाही, काही वेळा प्रयत्न केले आणि सोडून दिलं. नंतर वायफाय आलं तरी ह्याचा रुसवा कायम. कुत्रा का चावला नाही? कारण प्रोग्रॅम अडकलाच नव्हता. तो कुत्र्याला नेमाने खायला घालत होता, बाकी काहीच करत नव्हता. या प्रकाराचे लोकही असतात ऑफिसात.

रिस्टार्टवर फार भरवसा ठेवू नये याची आणखी एक गोष्ट आहे, ती पटकन सांगते. २०१६ मध्ये 'मिराई' नावाचा प्रोग्रॅम पसरला. घरोघरचे कॅमेरे, रेकॉर्डर, राऊटर, ज्यांचे कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदललेच नव्हते, त्यांत तो साठेक ठरलेल्या जोड्या वापरून शिरायचा. २१ ऑक्टोबरला अशा यंत्रांच्या फौजेने डिन या कंपनीवर हल्ला केला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट तासन्‌तास अडखळल्या. पुढच्या वर्षी तीन अमेरिकन तरुणांनी गुन्हा कबूल केला. मिराई फक्त मेमरीत राहायचा, त्यामुळे कॅमेरा रिस्टार्ट केला की तो पुसला जायचा. पण पासवर्ड तोच असेल तर थोड्याच वेळात परत हजर. त्याचा कोड उघड झाला तेव्हा त्यात एक बारीक गोष्ट दिसली : शिरल्यावर तो आधी वॉचडॉग बंद करायचा. चोर घरात शिरण्याआधी कुत्र्याला गुंगीचं खायला घालतो, तसंच. हे वाचून मी त्याच संध्याकाळी आजीच्या कॅमेऱ्याचा पासवर्ड बदलला. राऊटरचाही, जो सांगायला लाज वाटेल असा होता.

गणपतीनंतर कॅमेरा पुन्हा ऑफलाइन. दुपारी चार वाजता. आता मी तयारीत होते. राऊटर आणि फायबरच्या डब्याला छोटा बॅटरी बॅकअप लावला होता, राऊटर रोज पहाटे आपोआप रिस्टार्ट होईल असं केलं होतं, आणि राऊटर लांबून बघता येत होता. राऊटर चालू, इंटरनेट चालू. फक्त कॅमेरा नाही. शेवटची साठवलेली क्लिप उघडली. माजघर, उन्हाचा पट्टा, आजी चालत येते, हात वर करते आणि पडदाभर तिची बोटं. संपलं.

फोन लावला. या वेळी लगेच उचलला.

"आजी, कॅमेरा बंद पडलाय गं."

"पडला नाही. मी काढलाय."

"अगं, का?"

"तुझ्या आत्याचे यजमान परवा फोनवर म्हणाले, 'सासूबाई, आज केस धुतलेत वाटतं.' मी माझ्या घरात केस पुसत बसले होते."

मी गप्प. ॲप किती फोनांवर आहे ते मोजलं. पाच. आजीला त्यातला एकही माहीत नव्हता. घरात पडून राहण्याची भीती तिलाही आहे, हे ती स्वतःच म्हणाली. "पण म्हणून दिवसभर परीक्षेला बसल्यासारखं बसू का?" बाबांशी आणि आत्याशी जरा वाजलं. आत्याचं म्हणणं, काही झालं तर जबाबदार कोण? त्याला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

शेवटी कॅमेरा माजघरातून निघाला. आता तो पडवीत आहे, तोंड अंगणाकडे. न्हाणीघराकडे जाणारी पायरी त्यात येते, दार येत नाही. फोन दोनच, बाबांचा आणि माझा. प्लग आजीच्या हाताला येईल अशा उंचीवर, हा तिचा आग्रह. पायरीला दोन्ही बाजूंनी स्टीलचे दांडे लावले. ते खरं तर पहिल्याच आठवड्यात लावायला हवे होते.

आणि इम्पची खुशाली मी तिला समजावून सांगितली, इतिहासासकट. तिला शेजाऱ्याकडून प्रत मागण्याची गोष्ट फार आवडली. मग असं ठरलं : रोज सकाळी आठला ती मला मिस्ड कॉल देते. साडेआठपर्यंत आला नाही तर मी तिला फोन करते, तिने नाही उचलला तर काकूंना. ऑक्टोबरपासून दोनदा काकूंपर्यंत जावं लागलं. एकदा आजी देवळात होती. दुसऱ्यांदा आजी काकूंकडेच चहा पीत बसली होती आणि फोन काकूंनी तिच्याच हातात दिला.